शेतांत सांपडणारीं खापरें व हाडें : त्यांचा उपयोग काय ?

विहीर खणतांना, बांध घालतांना किंवा वाडींत नवे नारळ लावण्याकरितां खड्डे घेतांना जमिनींतून जुन्या मडक्यांचीं खापरें, जनावरांचे दांत आणि क्वचित् प्रसंगीं मनुष्याचीं हाडेंही निघतात, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पाहण्यांत आलें असेल. नाणें किंवा तांब्याचा पत्रा निघाला तर चार माणसें गोळा होतात. खापर निघालें तर तें कुदळीनेंच बाजूस सारलें जातें. परंतु ज्या वस्तूस आपण टाकाऊ म्हणतों, तिच्यावरूनच पूर्वींचे लोक काय खात होते, कोणतें पीक काढीत होते, गुरांस कोणती वैरण घालीत होते आणि कोठून येऊन वसले होते, हें ठरविण्याचें एक शास्त्र गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत तयार झालें आहे. त्याची ओळख शेतकरी बंधूंस करून द्यावी आणि अशी वस्तु हातीं आल्यास काय करावें हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लेखी पुराव्याची मर्यादा.

आपल्या जमिनीचा इतिहास म्हटला कीं आपण सातबाऱ्याचा उतारा, फेरफाराची नोंद आणि फार झालें तर मोजणीचे जुने कागद पाहतों. मुंबई इलाख्यांतील नवी पाहणी इ. स. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. त्यामागें जावें तों कागद विरळ होत जातात, आणि हजार वर्षांपलीकडे शिलालेख व ताम्रपट यांखेरीज कांहीं उरत नाहीं. हे लेखही राजे, अधिकारी व दान घेणारे यांच्याविषयींच बोलतात.

आमच्याच भागांतील उदाहरण घेऊं. तारापूरजवळील चिंचणी येथें इ. स. १९५५ मध्यें कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांपैकीं एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ मधील आहे. त्या वेळीं संयान, म्हणजे हल्लींचें संजाण, हें या किनाऱ्याचें मुख्य ठाणें असून तेथें मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब वंशाचा, अधिकारी राष्ट्रकूटांच्या वतीनें कारभार पाहत होता. लोकांच्या सोयीसाठीं नदीवर फुकट तर व वाटसरूंसाठीं अन्नछत्र चालविल्याचा त्यांत उल्लेख आहे. अन्नछत्रांत साळीचा भात, कालवण व तूप मिळत असे. हजार वर्षांपूर्वीं या किनाऱ्यावर भात व तूप हें पाहुणचाराचें अन्न होतें, हें यावरून कळतें. परंतु ती साळ पिकविणारा कुणबी स्वतःच्या घरीं काय जेवत होता, हें ताम्रपट सांगत नाहीं. तें सांगण्याचें सामर्थ्य त्याच्या चुलीवरील मडक्यांत आणि त्याच्या दांतांत आहे.

पदार्थ जातो, अंश राहतो.

प्रत्येक सजीव वस्तु अतिसूक्ष्म रेणूंची बनलेली असते. मनुष्य मेला म्हणजे मांस कुजतें, धान्य सडतें, दूध नासतें. तथापि या पदार्थांतील कांहीं रेणु चिवट असतात. तुपातेलाचे स्निग्ध अंश, हाडांतील कोलॅजन नांवाचें प्रथिन, आणि ज्यास डी. एन. ए. म्हणतात तें आनुवंशिक द्रव्य, हीं त्यांतील मुख्य होत. योग्य जागा मिळाल्यास हे अंश शेंकडों, कधीं कधीं हजारों वर्षें टिकतात. प्रयोगशाळेंत खापराचा किंवा हाडाचा लहानसा तुकडा दळून त्यांतून हे अंश वेगळे करतात व त्यांचें पृथक्करण करतात. या शोधाचे चार मुख्य प्रकार आहेत. ते एकेक पाहूं.

मडक्यांत मुरलेलें दूध.

मातीचें मडकें दुधासाठीं वापरलें म्हणजे त्याचा वास धुतल्यानेंही जात नाहीं, हें घरांतील प्रत्येक बाईस ठाऊक आहे. झिलई न केलेल्या मडक्याच्या छिद्रांत स्निग्धांश मुरतो व तेथें पाण्याहवेपासून सुरक्षित राहतो. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील एव्हरशेड व त्यांचे सहकारी यांनीं हा अंश काढून तो मांसाच्या चरबीचा आहे कीं दुधाचा, हें ओळखण्याची रीत बसविली.

या रीतीचा उपयोग आपल्या देशांतही झाला आहे. कच्छमधील कोटडा भडली या सिंधुसंस्कृतीच्या काळच्या लहान खेड्याचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं केलें. तेथील ५९ खापरांची कल्याण शेखर चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली परीक्षा इ. स. २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. कांहीं खापरांत दुधाचे अंश स्पष्ट मिळाले. सुमारें ४५०० वर्षांपूर्वीं तेथील गोपाल गाईम्हशींचें दूध तापवीत किंवा विरजीत होते, असा त्याचा अर्थ आहे. शेतकऱ्यास याहून अधिक चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट पुढेंच आहे. गाईम्हशींच्या वैरणींत बाजरीसारख्या भरड धान्याचा भाग मोठा होता, तर शेळ्यामेंढ्या रानांतील पाला व गवत खात होत्या, असेंही याच परीक्षेवरून निघालें. मडक्यावरून वैरण कशी कळावी, अशी शंका येईल. तिचें उत्तर पुढील कलमांत आहे.

हाडांवरून पिकाची ओळख.

वनस्पति हवेंतील कार्बन घेऊन वाढतात. हा कार्बन कांहीं हलका व कांहीं किंचित् जड असतो. शास्त्रज्ञ त्यांस समस्थानिक म्हणतात. सर्व वनस्पति दोन्ही प्रकारचा कार्बन सारख्या प्रमाणांत घेत नाहींत. भात, गहूं, जव, वाल, कुळीथ, मसूर, तसेंच केळ व नारळ यांचा एक वर्ग; ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, मका व ऊंस यांचा दुसरा. दुसऱ्या वर्गांत जड कार्बनाचें प्रमाण अधिक असतें. जनावर जें खातें त्याची ही खूण त्याच्या दुधांत व हाडांत उतरते, आणि मनुष्य जें खातो त्याची मनुष्याच्या हाडांत. म्हणून भातावर पोसलेला आणि नाचणीवर पोसलेला, या दोघांचीं हाडें हजार वर्षांनंतरही प्रयोगशाळेंत निराळीं ओळखतां येतात. पेंढा खाणारी म्हैस व कडबा खाणारी म्हैस यांच्या दुधांतील फरकही याच कारणानें उमगतो.

नायट्रोजन नांवाच्या मूलद्रव्यावरून असेंच मांस व मासे यांचें प्रमाण समजतें. समुद्रांत मोठा मासा लहानास खातो, त्यास त्याहून मोठा खातो; या प्रत्येक पायरीस जड नायट्रोजनाचें प्रमाण वाढत जातें. त्यामुळें किनाऱ्यावरील मासळी खाणाऱ्या मनुष्याचें हाड घाटावरील शाकाहारी मनुष्याच्या हाडापेक्षां वेगळें दिसतें.

दांतांचा पुरावा आणखी उपयोगाचा आहे. हाड जन्मभर झिजतें व भरतें. त्यामुळें तें आयुष्याच्या शेवटच्या अनेक वर्षांचा आहार दाखवितें. दांतांवरील कठीण कवच मात्र लहानपणीं एकदां तयार झालें कीं बदलत नाहीं. तेव्हां मूल ज्या मुलखांत वाढलें तेथील मातीपाण्यांतील स्ट्रॉन्शियम नांवाच्या मूलद्रव्याची खूण दांतांत कायम राहते. घाटावरील काळ्या कातळाची माती आणि इतर खडकांची माती यांच्या खुणा भिन्न असतात. दांत एका मुलखाचा आणि पुरलेली जागा दुसऱ्या मुलखाची असें आढळलें, तर तो मनुष्य परगांवाहून आला होता असें समजावें.

दांतांवर सांचलेलें किटण हेंही शास्त्रज्ञांनीं सोडलें नाहीं. हरियाणांतील फरमाणा येथील सिंधुसंस्कृतीच्या काळच्या मनुष्यांच्या दांतांवर व भांड्यांवर हळद आणि आलें यांच्या पिष्टाचे सूक्ष्म कण अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांस मिळाले. हळदआल्याचें कालवण आपल्या देशांत किती जुनें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

इनामगांवचें उदाहरण.

महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास सर्वांत बोधप्रद स्थळ म्हणजे पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील घोड नदीवरचें इनामगांव. डेक्कन कॉलेजनें सांकळिया, ढवळीकर व अन्सारी यांच्या देखरेखीखालीं इ. स. १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकऱ्यांची वस्ती होती. शंभरांवर घरांचे अवशेष निघाले. मातींत जळून कोळसा झालेले दाणे काजळे यांनीं तपासले. जव हें मुख्य पीक असून त्याखेरीज गहूं, मसूर, वाटाणा व कुळीथ होतीं. नदीचें पुराचें पाणी वळविण्यासाठीं बांध व चर यांचीही योजना केलेली होती. म्हणजे पाटबंधाऱ्याचा विचार आपल्या मुलखांत तीन हजार वर्षांचा तरी जुना आहे.

प्रारंभीं चौकोनी, ऐसपैस घरें होतीं. शेवटच्या काळांत, म्हणजे इ. स. पूर्वीं सुमारें १००० नंतर, लहान वाटोळ्या झोंपड्या आल्या. पाऊस कमी झाला, शेती खालावली आणि लोक शिकारीवर व गुरांवर अधिक अवलंबून राहिले, असें मत ढवळीकरांनीं मांडलें. तेथील लोक मृत बालकांस दोन मडक्यांत, तोंडास तोंड लावून, घराच्या जमिनीखालीं पुरीत असत. त्यामुळें लहान मुलांचीं हाडें पुष्कळ मिळालीं. ग्वेन रॉबिन्स शुग या विदुषींनीं दांतांवरून मुलांचें वय ठरविलें, त्या वयास हाडांची वाढ किती असावयास पाहिजे तें पाहिलें, आणि त्यावर इ. स. २०११ मध्यें ग्रंथ लिहिला. शेवटच्या काळांतील मुलांची वाढ खुंटलेली होती असें त्यांस आढळलें. एकट्या अवर्षणानें याचा उलगडा होत नाहीं. त्याच त्या जमिनीवर वाढत गेलेला भार व तिचा ढळलेला कस यांचाही विचार केला पाहिजे, असें त्यांचें प्रतिपादन आहे. या दोन मतांचा निर्णय विद्वान करोत. आपण शेतकऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जमीन थकली म्हणजे तिचा परिणाम प्रथम पाळण्यांतील मुलावर होतो, आणि तीन हजार वर्षांनींही तो हाडांवर वाचतां येतो.

संजाणचा पुरावा.

चौथा प्रकार डी. एन. ए. चा. हें द्रव्य आईबापांकडून मुलांस मिळतें. त्याचा एक भाग केवळ आईकडूनच येतो. त्यामुळें आईच्या बाजूची वंशपरंपरा वेगळी शोधतां येते.

याचें उत्तम उदाहरण आमच्या शेजारींच आहे. पालघरहून रेल्वेनें उत्तरेस बोईसर, डहाणू, घोलवड, उंबरगांव हीं स्थानकें टाकलीं कीं संजाण लागतें. हल्लीं तें गुजरातेंत असलें तरी उंबरगांवचा तो मुलूख इ. स. १९६० पर्यंत ठाणें जिल्ह्यांतच होता. इराणांतून आलेले पारशी लोक येथें वसले, अशी त्यांची परंपरा असून ती इ. स. १६०० च्या सुमारास पद्यांत लिहून ठेवलेली आहे. इ. स. २००२ ते २००४ या काळांत तेथें उत्खनन झालें. पश्चिम आशियांतील झिलईचीं व चिनी मातीचीं खापरें, तसेंच पारशांच्या जुन्या दखम्याचे अवशेष त्यांत निघाले. या अवशेषांपैकीं २१ नमुन्यांची आणि हल्लींच्या पारशी मंडळींच्या रक्ताची तुलना करणारा शोध हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रांतील व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं इ. स. २०१७ मध्यें प्रसिद्ध केला.

त्यांतून तीन गोष्टी निघाल्या. पारशांचें रक्त भारतांतील शेजाऱ्यांपेक्षां इराणांतील लोकांशीं अधिक जवळचें आहे. भारतीय लोकांशीं त्यांचें मिश्रण झालें तें सुमारें १२०० वर्षांपूर्वीं. आणि संजाणच्या जुन्या अवशेषांत शेंकडा ४८ नमुन्यांची मातृपरंपरा भारतीय आढळली. गलबतांतून उतरलेल्या लोकांनीं प्रारंभीं येथील स्त्रियांशीं विवाह केले असावेत, असा त्याचा अर्थ संशोधकांनीं लावला आहे. परंपरेची मुख्य गोष्ट अशा रीतीनें खरी ठरली, आणि परंपरेनें न सांगितलेलें असें कांहीं नवीनही कळलें. पारशी व त्यांच्यामागून आलेले इराणी बागाईतदार यांचा आमच्या भागाच्या शेतीशीं निकट संबंध आहे. डहाणू-घोलवडचा चिकू, ज्यास इ. स. २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तो त्यांच्याच बागांतून वाढीस लागला. त्यांच्या पूर्वजांत निम्म्याच्या जवळपास आया या मुलखाच्या असाव्यात, हें वाचून शेजारधर्मास नवा अर्थ येतो.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. रक्तपरीक्षेच्या जोरावर अमुक जात श्रेष्ठ, अमुक मूळची, अमुक उपरी, असे वाद घालण्याची प्रवृत्ति वाढत आहे. जेथें जेथें अशी परीक्षा झाली, तेथें तेथें बहुधा मिश्रणच आढळलें आहे. या शास्त्राचा उपयोग भांडणास करणें म्हणजे मोजणीचा नकाशा बांध फोडण्यास वापरण्यासारखें होईल.

शास्त्राच्या अडचणी.

हें सर्व वाचून कोणतेंही हाड नेलें कीं उत्तर मिळतें असें कोणी समजूं नये. उष्णता व ओल हे डी. एन. ए. चे मोठे शत्रु होत. हरियाणांतील राखीगढी येथील ६१ नमुने तपासले, त्यांपैकीं फक्त एका स्त्रीचा डी. एन. ए. उपयोगी पडला, तो शोध इ. स. २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. मग आमच्या किनाऱ्यावर, जेथें चार महिने जमीन पाण्यानें भिजलेली असते व खाजणांत खारें पाणी शिरतें, तेथें हें काम किती कठीण असेल याची कल्पना करावी. म्हणूनच जें थोडें टिकलें असेल त्याची किंमत अधिक. कानाच्या आंतील बाजूचें कठीण हाड व दांत यांत हें द्रव्य सर्वांत जास्त टिकतें. मडक्यांत मुरलेला स्निग्धांश मात्र उष्ण प्रदेशांतही पुष्कळ वेळां मिळतो. आमच्या भागांत आशा आहे ती मुख्यतः त्याचीच.

दुसरी अडचण माणसांनीं केलेली आहे. पूर्वीं वाडींतील खणती कुदळफावड्यानें, हातभर हातभर होत असे. आतां यंत्रानें एका दिवसांत सबंध वाडीची माती उचलली जाते व भरावासाठीं दुसरीकडे जाते. कोणती वस्तु किती खोल, कशाच्या शेजारीं होती, ही माहिती गेली म्हणजे वस्तु हातांत असूनही तिचा निम्मा अर्थ जातो. पालघर-बोईसरच्या आसपास बांधकामें ज्या वेगानें वाढत आहेत तें पाहतां, किनाऱ्यावरील जुन्या शेतकऱ्यांचा पुरावा कायमचा नाहींसा होण्याचें भय खरें आहे.

जमीन जाईल काय ?

लोक वस्तु लपवितात याचें मुख्य कारण भीति. सरकारास कळलें तर जमीन जाईल, असें पुष्कळांस वाटतें. महसूल खात्यांत नोकरी झालेली असल्यामुळें याविषयीं दोन शब्द आम्हीं खात्रीनें सांगूं शकतों. इ. स. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा असा आहे कीं, जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास ती काय आहे, कोठें व केव्हां सांपडली, हें कलेक्टरास लेखी कळविलें पाहिजे. न कळविल्यास सांपडविणाराचा हिस्सा जातो व शिक्षाही होऊं शकते. कळविल्यास, आणि दुसरा कोणी धनी सिद्ध न झाल्यास, आपसांत वेगळा करार नसला तर तीन चतुर्थांश सांपडविणारास व एक चतुर्थांश जमिनीच्या मालकास मिळतो. सरकारास ती वस्तु ठेवून घ्यावयाची असेल तर तिची किंमत व वर तिचा पांचवा हिस्सा द्यावा लागतो. यांत जमीन घेण्याची गोष्ट कोठेंच नाहीं. जागा संरक्षित करण्याचा कायदा निराळा, इ. स. १९५८ चा आहे. त्याखालीं प्रथम जाहीर नोटीस निघते व हरकत घेण्यास दोन महिन्यांची मुदत असते. चार खापरें किंवा एखादें हाड निघालें म्हणून कोणाची वाडी जात नाहीं.

शेतकऱ्यांनीं काय करावें ?

१. खणतीत जुनीं खापरें एकाच ठिकाणीं पुष्कळ निघूं लागलीं, किंवा राखेचा अगर जळक्या दाण्यांचा थर दिसला, तर तेवढ्या जागेंतील काम थांबवावें. दुसऱ्या बाजूचें काम चालूं ठेवण्यास हरकत नाहीं.

२. खापरें धुवूं नयेत, घासूं नयेत, उन्हांत वाळवूं नयेत. त्यांस चिकटलेली मातीही राहूं द्यावी. शक्य तों हात कमी लावावा, कारण आपल्या हाताचें तेलही त्यांत मुरतें.

३. प्लॅस्टिकच्या पिशवींत भरूं नयेत. प्लॅस्टिकांतील द्रव्यें परीक्षेंत घोटाळा करतात. स्वच्छ अॅल्युमिनियमच्या कागदांत गुंडाळून सावलींत ठेवावींत.

४. गट नंबर, जागा, जमिनीपासूनची खोली व तारीख चिठ्ठीवर लिहून ती सोबत ठेवावी. हल्लीं प्रत्येकाजवळ मोबाइल फोन असतो. वस्तु हलविण्यापूर्वीं तीन-चार छायाचित्रें काढावींत.

५. मनुष्याचें हाड निघाल्यास तें मुळींच हलवूं नये. प्रथम पोलीस पाटलास कळवावें; तें अलीकडचें आहे कीं प्राचीन, हें ठरविणें त्यांच्याकडे आहे. तेथें नारळ फोडून किंवा हळदकुंकू वाहून आदर दाखवावयाचा असेल तर तो थोड्या अंतरावरून दाखवावा.

६. तहसील कचेरींत लेखी कळवून पोंच घ्यावी. पुरातत्त्व खात्यास व डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेसही पत्र लिहावें.

गांवागांवांतून सुशिक्षित तरुणांनीं आपल्या शिवारांत कोठें कोठें खापरें निघतात याची एक वही ठेवली, तर तें मोठेंच काम होईल. त्यास खर्च नाहीं. लक्ष मात्र पाहिजे.

शेतकऱ्याचें नांव शिलालेखांत येत नाहीं. त्यानें खणलेला चर, त्याच्या घरांतील दुधाचें मडकें आणि त्याच्या मुलाचे दांत हाच त्याचा लेख. तो आपल्याच पायांखालीं आहे, आणि यंत्राच्या एका फावड्यानें तो पुसला जाऊं शकतो. आपल्या वाडवडिलांचा हा पुरावा जपणें हें जितकें सरकारचें व विद्वानांचें काम आहे, तितकेंच जमीन ज्यांच्या हातीं आहे त्यांचें आहे. येत्या हंगामांत ज्यांच्या वाडींत खणती निघणार असेल, त्यांनीं वरील सहा कलमें खणणारास आधीं वाचून दाखवावींत, अशी आमची विनंति आहे.